काडतूस भरणारे हात

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्यानं अमेरिकेहून फोनवर एक छायाचित्र पाठवलं. जुनी, जाडजूड बंदूक, आणि तिच्या लोखंडावर ठोकलेली अक्षरं चक्क देवनागरी. खाली भाच्याचा मजकूर: ‘‘मामा, शेजारच्या आजोबांनी विचारलंय, हे काय लिहिलंय? तुम्ही वाचून सांगा ना.’’ मी चष्मा लावला, आकडे वाचले आणि ऐटीत उत्तर धाडलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी चुकलो होतो. नेपाळी वळणाचा पाच आणि आठ आपल्या पाच-आठासारखे नसतात. ती बंदूक काठमांडूची होती.

ती तिथे कशी पोचली, ते पुढे सांगतो. पण भाच्याचं आणखी एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. ‘‘या बंदुकीचं काडतूस दुकानात सहसा मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. म्हणून आजोबा संध्याकाळी टेबलाशी बसून एकेक काडतूस हातानं भरतात.’’

काडतूस हातानं भरणं! आपल्याला काडतूस म्हटलं की कारखान्यातून खोक्यात भरून येणारी पितळी वस्तू आठवते. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत काडतूस म्हणजे बरंचसं हातकामच होतं. कुणीतरी कागद कापत होतं, कुणीतरी दारू मोजत होतं, कुणीतरी मेण-चरबी लावत होतं. गोळी कुणी झाडली याचे इतिहास भरपूर लिहिले गेले. ती भरली कुणी, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि एकदा मात्र हाच प्रश्न शिपायांनी विचारला, तेव्हा सारा हिंदुस्थान पेटला.

‘काडतूस’ हा शब्द मुळात पोर्तुगीज. ‘कार्तुश’ नावाची कागदाची गुंडाळी पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि काडतूस होऊन बसली. आत भरायची ती दारू. पिण्याची नव्हे, बंदुकीची. आपल्या भाषेनं दोघींना एकच नाव दिलं आहे, आणि दोघींनी घरं उद्ध्वस्त केली म्हणून ते फारसं चुकीचंही नाही. या काळ्या दारूत तीनच जिनसा. शोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक, असं साधारण लष्करी प्रमाण.

ज्यांनी कोकणात ठासणीची बंदूक पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणाऱ्या या बंदुका सिंधुदुर्गाकडे अजून घरोघरी दिसतात, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लहानपणी आमच्या आजोळी शेजारचे एक काका बंदूक उभी धरून नळीत दारू ओतत, वर बोळा कोंबत, गजानं ठासत, मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं. तोवर रानडुक्कर वेशीपलीकडे गेलेलं असे. आम्ही पोरं हसायचो. पण हेच काम रणांगणावर, समोरून शत्रू येत असताना करायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. हात थरथरतो, दारू कमी-जास्त पडते. म्हणून दारूचं माप आणि गोळी एकत्र कागदात आधीच गुंडाळून ठेवायची युक्ती निघाली. तेच कागदी काडतूस.

या दारूतला शोरा यायचा कुठून? तर बऱ्याच अंशी आपल्या बिहारमधून. पाटणा, छपरा या भागांत जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या मातीवर पांढरी खार फुटते. नुनिया जातीचे लोक ती माती खरवडत, पाण्यात मुरवून गाळत, उकळून आटवत, आणि तळाशी शोऱ्याचे खडे उरत. प्लासीनंतर १७५८ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मीर जाफरकडून या शोऱ्याचा मक्ता मिळवला. आपण मसाल्यांच्या आणि मलमलीच्या व्यापाराबद्दल इतकं बोलतो, पण युरोपातल्या कितीतरी लढायांत जो धूर झाला त्यात बिहारच्या गोठ्यांची माती होती, हे विसरतो.

तो शोरा किती लांब जात होता पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा उत्तरेच्या सरकारसाठी द्यू पाँ या दारू बनवणाऱ्या घराण्यातला लामो द्यू पाँ गुपचूप लंडनला गेला आणि मिळेल तेवढा हिंदुस्थानी शोरा खरेदी करू लागला. त्याच वेळी ट्रेंट नावाच्या जहाजावरून दोन्ही देशांत तंटा उद्भवला आणि इंग्रजांनी शोऱ्याची निर्यातच रोखली. तंटा मिटल्यावर, १८६२च्या आरंभी, माल सुटला. त्या वर्षी १७ सप्टेंबरला पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट झाला. अठ्ठ्याहत्तर माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक तरुण मुली. त्या मुलींचं काम काय, तर कागदी काडतुसं भरणं. बारीक बोटं लवकर वळतात, म्हणून मुली कामावर घेत. अंगणातल्या दगडी वाटेवर सांडलेली दारू आणि तिच्यावरून गेलेली घोडागाडी, नालेची किंवा चाकाची ठिणगी, असं कारण चौकशीत पुढे आलं. त्याच दिवशी अँटिएटमची प्रचंड लढाई झाली आणि वर्तमानपत्रांचे रकाने तिनंच भरले.

आता आपल्या १८५७ कडे येऊ. शाळेत आपण एका ओळीत शिकतो: काडतुसांना गाई-डुकरांची चरबी लावली होती, म्हणून बंड झालं. पण काडतुसाला चरबी लावायची तरी कशाला? उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. जुन्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात सैल बसे. नवी एन्फिल्ड रायफल १८५३ची. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा होत्या. त्या खाचांमुळे गोळी फिरत, सरळ आणि दूर जाई, पण त्यासाठी ती जवळजवळ घट्ट बसावी लागे. आणि काळ्या दारूची खोड अशी की जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग राख-काजळीच्या रूपानं मागे राहतो. दहा-पंधरा बार झाले की नळीत काजळीचा थर बसतो आणि पुढची गोळी उतरत नाही. त्यावर उपाय म्हणजे वंगण. म्हणून गोळीभोवतीचा कागद मेण-चरबीत बुडवलेला असे. दुसऱ्या टोकाला साडेचार ग्रॅमच्या आसपास दारू. शिपायानं ते टोक दातानं तोडायचं, कारण एका हातात बंदूक, दुसऱ्यात काडतूस. दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीचं टोक आत सारायचं, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि ठासायचं.

हे तंत्र इंग्लंडात ठरलं. इथल्या माणसांना धोका आधीच दिसला होता. ही काडतुसं हिंदुस्थानच्या हवेत टिकतात का हे पाहायला १८५३ साली ती इथे आली, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्यानं लिहून कळवलं होतं की वंगण आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत. कागद फायलीत गेला. पुढे कलकत्त्याजवळ डमडमला काडतुसं बनू लागली. चरबी ठेकेदाराकडून येई. ती कोणत्या जनावराची, हे ठेक्यात लिहिलेलंच नव्हतं! नंतर चौकशी झाली तेव्हा ती गाईची नव्हती असं छातीठोकपणे कुणालाच सांगता आलं नाही. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात दुष्टाव्यापेक्षा हा कारकुनी निष्काळजीपणाच अधिक भयंकर वाटतो.

आणि ही गोष्ट फुटली कशी? जानेवारी १८५७. डमडमच्या दारूखान्यात काम करणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीच्या एका खलाशानं एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं विटाळाचं कारण सांगून नकार दिला. तेव्हा तो खलाशी म्हणाला की जातीचा एवढा तोरा कशाला, लवकरच तुम्हाला गाई-डुकरांची चरबी लावलेली काडतुसं दातानं तोडायची आहेत. कॅप्टन राइट यानं ही हकिगत वरिष्ठांना कळवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हा खलाशी एका वाक्यापुरता येतो आणि नाहीसा होतो. त्याचं नाव कुणी टिपलं नाही. पण त्या काडतुसात काय आहे हे सांगण्याचा अधिकार लाटसाहेबापेक्षा त्याला अधिक होता, कारण तो दारूखान्यातला माणूस होता. ते काम त्याच्या डोळ्यांदेखत चालत होतं.

सरकार त्यानंतर जागं झालं, हेही सांगितलं पाहिजे. जानेवारी संपायच्या आत हुकूम निघाला की काडतुसं कोरडीच द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं मेण-तेल स्वतः लावावं. मार्चमध्ये दातानं तोडायची कवाईतही बदलली. बोटांनी फाडा म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न मिटला होता. पण विश्वास उडाला की तो वंगणापुरता राहत नाही. बराकपूरच्या शिपायांनी आता कागदावरच बोट ठेवलं. हा कागद इतका तुकतुकीत का? जाळून पाहिला, आणि चरबी त्यातच आहे अशी त्यांची समजूत झाली. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९व्या पलटणीनं दुसऱ्या दिवसाच्या कवाईतीसाठी बंदुकीच्या टोप्या घ्यायला नकार दिला. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे. २४ एप्रिलला मीरतेत घोडदळाच्या नव्वदांपैकी पंचाऐंशी जणांनी काडतुसाला हात लावला नाही. गंमत म्हणा की शोकांतिका, ती काडतुसं जुन्याच पद्धतीची होती, वर्षानुवर्षं वापरातली. ९ मे रोजी त्या पंचाऐंशी जणांना सगळ्या छावणीसमोर बेड्या ठोकल्या, आणि १० मेला मीरत पेटलं. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडश्यांच्या कानांवरही काडतुसांची कहाणी वाटेतच आली, आणि ती त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नमूद केली आहे.

बंडानंतर इंग्रजांनी धडा घेतला, पण आपल्या सोयीचा. देशी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवायची. गोऱ्यांकडे रायफल असताना देशी शिपायाकडे गुळगुळीत नळीची. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपायाला त्यांची उतरलेली स्नायडर. ही स्नायडर म्हणजे एन्फिल्डच, फक्त मागून उघडणारी. जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकनाची ही युक्ती १८६६ साली ब्रिटिशांनी उचलली, आणि तो बिचारा त्याच वर्षी हलाखीत वारला.

मागून भरायची म्हणजे कागदी काडतूस चालेना. वूलिचच्या कर्नल बॉक्सरनं पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून, तळाला लोखंडी चकती लावून नवं काडतूस बनवलं. दात गेले, चरबीला हात लावणं गेलं, ठासणी गेली. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला, तो याच बदलाच्या काळात. तोच आता २०२१ पासून पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. पुणेकर खडकीवरून रोज ये-जा करतात, पण या कारखान्याचं वय कुणाला विचारलं तर दहातले नऊ जण ‘दुसऱ्या महायुद्धातला असेल’ म्हणतात.

बॉक्सरच्या गुंडाळीतही खोट निघाली. १८७१च्या मार्टिनी-हेन्रीसाठी तीच पद्धत वापरली, पण तिच्यात दारू भरपूर. नळी तापली की पातळ पितळ आतल्या आत चिकटे, आणि काढायला जावं तर लोखंडी बूड निखळून हातात येई. १८८५च्या जानेवारीत सुदानात अबू क्ली इथे ऐन गर्दीत बंदुका अशा अडकल्या. मग अखंड ओढलेल्या पितळेची पुंगळी आली, जी आपण आज ओळखतो. तिच्या आधीच, २७ जुलै १८८० रोजी, अफगाणिस्तानात मैवंदला ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. तिथे गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, आणि तिच्या बरोबरीनं उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींकडे स्नायडर. एकाच रणांगणावर, एकाच उन्हात. मेले मात्र दोन्हीकडचे, शेकड्यांनी.

आता नेपाळ. बंडात राणा जंगबहादूर फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीला लखनौला आला होता, आणि पुढच्या काळात नेपाळकडे ब्रिटिश बंदुका येत राहिल्या. पण नवी मार्टिनी द्यायला इंग्रज हात आखडता घेत. तेव्हा जनरल गहेंद्र शमशेर यानं काठमांडूत स्वतःची बंदूक घडवली. ‘गहेंद्र’ याच नावानं ती ओळखली जाते. कानशीनं घासून, एकेक भाग हातानं बसवून केलेली. एकीचा भाग दुसरीला लागत नाही. दिसायला मार्टिनीची बहीण, आणि काडतूस मार्टिनीचंच. काळ बदलला, बिनधुराची दारू आली, आणि हा सगळा साठा काठमांडूच्या लगन सिलेखान्यात धूळ खात पडला. २००३ साली अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी तो नेपाळ सरकारकडून विकत घेतला. पन्नास हजारांच्या घरात बंदुका! अमेरिकन कायद्यानं १८९८ पर्यंतची बंदूक ‘पुरातन’ ठरते, त्यामुळे ती घ्यायला तिथे फारसा अडसर नाही. अशी एक मार्टिनी माझ्या भाच्याच्या शेजाऱ्यांकडे आली. भाच्यानं तिचा इतिहास विचारायला मला फोन केला आणि मी त्याच्याकडून काडतूस भरण्याचं शास्त्र शिकलो. आपल्याकडे हा उद्योग घरी करायचा विचारही मनात आणू नये. शस्त्र कायदा आहे.

त्या आजोबांचं टेबल मी व्हिडिओवर पाहिलं. मार्टिनीची पुंगळी मिळत नाही, म्हणून ब्राझीलमध्ये बनणारी छऱ्यांच्या बंदुकीची पितळी पुंगळी घेऊन, तिचं तोंड तापवून मऊ करून, साच्यात थोडं थोडं दाबत ते तिला बाटलीसारखी मान काढतात. शिसं आणि थोडं कथील वितळवून गोळी ओततात. मूळ गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानं पावणेतीन तोळ्यांच्या आसपास, आणि दारू ८५ ग्रेन, अर्ध्या तोळ्याला थोडी कमी. एवढ्याशा वजनांनी साम्राज्यं चालली. दारू पितळी मापानं मोजायची आणि लांब नळीतून हळूहळू सोडायची, म्हणजे दाणे एकमेकांत नीट बसतात. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये, नाहीतर नळीला फुगवटा येतो. मूळ काडतुसात यासाठी कापूस आणि पुठ्ठ्याच्या चकत्या घालत. आधुनिक बिनधुराची दारू मात्र यात चुकूनही घालायची नाही. तिचा दाब या म्हाताऱ्या लोखंडाला झेपत नाही, आणि समोर असतो तो नेम धरणाऱ्याचा चेहरा. हातानं घडवलेली गहेंद्र तर जाणकार भिंतीवरच ठेवायला सांगतात.

चकत्यांच्या मध्ये येते मधमाशीच्या मेणाची वडी. गोळीमागून ती वितळत जाते आणि काजळी मऊ ठेवते. म्हणजे फिरून वंगणच! आजोबा म्हणाले, या छंदातली माणसं सगळ्यात जास्त वाद घालतात ते याच्यावर. कुणी मेणात मेंढीची चरबी घालतो, कुणी ऑलिव्ह तेल, कुणी नुसतं मेण. मी हसलो तेव्हा त्यांना कळेना का हसलो. मग भाच्यानं त्यांना डमडमच्या खलाशाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘‘त्यानं पाणीच तर मागितलं होतं.’’

बार झाल्यावर नळी लगेच उकळत्या पाण्यानं धुवायची, नुसत्या तेलानं भागत नाही. काजळीतले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीत गंज चढतो. ते काम ते अंगणात करतात, आपण तांब्याचा बंब घासावा तसं.

मला भेट म्हणून एक झाडलेली पुंगळी पाठवायची त्यांची फार इच्छा होती. भाचा उन्हाळ्यात येणार होता. मीच नको म्हणालो. विमानतळावर पेटीत पुंगळी निघाली तर हा इतिहास कुणाला समजावून सांगणार? त्याऐवजी त्यांनी एक छायाचित्र पाठवलं. मार्टिनीच्या गोळीभोवती पातळ कागदाचे दोन वेढे असतात. बार झाला की गोळी पुढे जाते आणि कागद चिंध्या होऊन नळीसमोरच्या गवतात पडतो. आजोबा वाकून त्या चिंध्या गोळा करतात आणि कागद कसा फाटला ते पाहून गोळी नीट भरली होती की नाही ठरवतात. छायाचित्रात त्यांचा तळहात आहे, आणि त्यावर काजळी लागलेले, लांबट फाटलेले कागदाचे सात-आठ तुकडे.